दिवस आखडले, हवा गारठली: पानगळीतल्या सायकलिंगची तयारी कोणत्या क्रमाने करावी

पानगळ लागली की बरेच सायकलस्वार आधी जाड जॅकेट शोधायला लागतात. दिव्याची आठवण होते ती परतीच्या वाटेवर अंधारून आल्यावर, आणि ब्रेकची होते ती ओल्या पानांवरून चाक घसरल्यावर. हा क्रम उलटा आहे. थंडीने फार तर कुडकुडायला होते; पण मागच्या गाडीवाल्याला आपण दिसलो नाही, किंवा ओल्या उतारावर सायकल वेळेत थांबली नाही, तर जिवावर बेतते.

गाफील राहण्याचे आणखी एक कारण आहे. हा बदल इतका हळू येतो की 'आजपासून तयारी हवी' असे कोणत्याच दिवशी वाटत नाही. म्हणून वाटेल तेव्हा बघू, असे ठेवू नका. दिवे कधी लावायचे, कपडे किती अंशांना बदलायचे, हे आकड्यांत आधीच ठरवून ठेवा. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन टप्पे एका सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी उरकतात.

## टप्पा १: आधी वेळेचे गणित

उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखे होतात, आणि दिवस आखडण्याचा वेगही नेमका तेव्हाच सर्वांत जास्त असतो. २० अंश अक्षांशावर दिवस रोज मिनिटभराने लहान होतो, तर ५० अंशांवर जवळपास चार मिनिटांनी. म्हणजे ५० अंशांवर एका आठवड्यात साधारण २६-२७ मिनिटांचा उजेड जातो. मागच्या रविवारी ज्या फेरीनंतर उजेडात घरी पोहोचलात, तीच फेरी पंधरवड्याने अंधारात संपते. दक्षिण गोलार्धात हेच मार्चमध्ये घडते.

१. पुढच्या चार आठवड्यांच्या सूर्यास्ताच्या वेळा काढून डोळ्यांसमोर राहतील अशा ठिकाणी लिहून ठेवा. पहाटे निघत असाल तर सूर्योदयाच्याही.

२. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची वेळ ही तुमची 'दिवे लावण्याची वेळ'. त्या वेळी आकाश उजळ दिसते, पण झाडांखाली आणि इमारतींच्या सावलीत काळपट कपड्यातला माणूस दिसेनासा होऊ लागतो.

३. निघायची वेळ मागून मोजत या. समजा सूर्यास्त ६:१० ला आहे आणि पावणेसहा-सहाच्या दरम्यान, ५:५५ ला, घरी पोहोचायचे आहे. फेरी दोन तासांची, त्यात पंक्चरसाठी २० मिनिटे धरा. म्हणजे ३:३५ ला पाय पेडलवर हवा. ही २० मिनिटे लोक हमखास विसरतात, आणि अंधारात अडकायला तेवढे एक पंक्चर पुरते.

४. रस्ता डोंगराळ असेल तर पंचांगातल्या सूर्यास्तावर विसंबू नका. पूर्वेकडच्या उतारावर आणि अरुंद खोऱ्यात सूर्य बराच आधी आड जातो, आणि ऊन गेल्याबरोबर हवाही झपाट्याने गार होते.

सावधान: जिथे घड्याळे ऋतूनुसार बदलतात, तिथे एका रात्रीत संध्याकाळ तासभर अलीकडे येते. युरोपात हे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. पुढच्या सोमवारी कामावरून घरी येण्याचा रोजचा रस्ता अचानक अंधारात असतो, आणि त्या अंधाराची सवय गाडीवाल्यांनाही झालेली नसते. त्या आठवड्यात दुप्पट जपून चालवा.

लांब फेऱ्या आता पहाटेऐवजी सकाळी उशिरा किंवा दुपारी न्या. दुपारी ऊब असते आणि रस्त्यावरचे दव उडालेले असते. आठवड्यातल्या संध्याकाळच्या फेऱ्या लहान करा, अंतर सुट्टीच्या दिवशी भरून काढा. अंतर जपण्याच्या हट्टापायी अंधारात रेटत राहण्यात काहीही शहाणपण नाही.

## टप्पा २: दिसणे आणि दिसून येणे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. इथे दोन वेगळी कामे आहेत: आपल्याला रस्ता दिसला पाहिजे आणि इतरांना आपण दिसलो पाहिजे. एकाच दिव्याकडून दोन्हींची अपेक्षा केली की फसगत होते.

पुढचा दिवा. रस्त्यावर खांबांचा भरपूर उजेड असेल तर १००-२०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचे माप) दिवा पुरतो, कारण त्याचे काम इतरांना दिसण्याचे आहे. खांब नसलेल्या रस्त्यावर ५०० ते ८०० ल्युमेन हवेत. पण ल्युमेनच्या आकड्यापेक्षा झोताचा आकार जास्त महत्त्वाचा. वरच्या बाजूने कापलेला, खाली पसरणारा झोत सगळा उजेड रस्त्यावर टाकतो. टॉर्चसारखा गोल झोत अर्धा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत घालवतो, आणि डोळे दिपलेला चालक नेमका आपल्याच अंगावर येऊ शकतो.

दिव्याचा कोन नजरेने ठरवू नका, असा मोजा:

१. सायकल भिंतीसमोर उभी करा, दिवा भिंतीपासून पाच मीटरवर येईल अशी.

२. जमिनीपासून दिव्याची उंची मोजा आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीवर चिकटपट्टी लावा.

३. खोली किंवा अंगण अंधारे करून दिवा लावा. झोताचा सर्वांत प्रखर भाग पट्टीच्या एक वीत खाली पडला पाहिजे. म्हणजे रस्त्यावर तो साधारण २० मीटर पुढे पडतो.

४. स्क्रू घट्ट करा, हँडल उचलून दोन-तीनदा आपटा आणि पुन्हा बघा. कोन हलला असेल तर दिव्याच्या पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

हे २० मीटर कुठून आले? ताशी २५ किमी वेगात आपण सेकंदाला सात मीटर जातो. अडथळा ओळखून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर दहा मीटर संपले, आणि ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी दहा लागतात. ताशी ३५ किमीला हेच अंतर ३४ मीटरच्या आसपास जाते. झोत जिथे संपतो त्याच्या आत थांबता येईल, तोच अंधारातला तुमचा कमाल वेग.

मागचा दिवा. दोन लावा: एक स्थिर, एक लुकलुकणारा. लुकलुकणारा लक्ष वेधतो, पण केवळ त्यावरून अंतराचा अंदाज घेणे चालकाला अवघड जाते. स्थिर दिवा ते काम करतो. काही देशांत लुकलुकणारे दिवे चालत नाहीत, काही ठिकाणी लाल रिफ्लेक्टरही सक्तीचा असतो. आपल्याकडचा नियम बघूनच खरेदी करा. दोन दिवे असण्याचा खरा फायदा वेगळाच: मागचा दिवा वाटेत बंद पडला तर आपल्याला कळतच नाही.

तपासा: नेहमीचे जॅकेट घालून, सीटखालची पिशवी लावून सायकलवर बसा. घरातल्या कोणाला तरी पन्नास पावले मागे उभे करा. जॅकेटचा लोंबता घोळ किंवा पिशवी दिव्यावर येते का, दिवा आकाशाकडे तर बघत नाही ना, हे त्यांना विचारा. मागच्या दिव्याच्या बहुतेक चुका या एका तपासणीत सापडतात.

अंगावरचे. फ्लोरोसंट आणि रिफ्लेक्टिव्ह यांत लोक सर्रास घोळ करतात. फ्लोरोसंट पिवळा-हिरवा रंग सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर उजळतो. तो दिवसा आणि ढगाळ संध्याकाळी उत्तम, पण रात्री हेडलाइटपुढे त्याचा फारसा उपयोग नाही. रिफ्लेक्टिव्ह पट्टी उजेड आला त्याच दिशेला परत पाठवते, म्हणून ती रात्रीची. पानगळीच्या दिवसांत दोन्ही लागतात.

पट्टी कुठे असावी, यावर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी बंद रस्त्यावर रात्री प्रयोग केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घातलेला सायकलस्वार चालकांनी ५० टक्के वेळा ओळखला. त्याच जॅकेटला घोट्यांवर आणि गुडघ्यांवर पट्ट्यांची जोड दिली तेव्हा प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. फ्लोरोसंट जॅकेटला मिळाले १५ टक्के. वरखाली होणारे पाय बघताच समोर माणूस आहे हे चालकाला उमगते. तेव्हा महागड्या जॅकेटच्या आधी घोट्यांच्या दोन पट्ट्या घ्या.

सावधान: गारठ्यात लिथियम बॅटरीचा दम कमी होतो. डब्यावर लिहिलेले तास उबदार खोलीतले असतात, आणि बहुधा मंद उजेडावरचे. त्यातले दोन-तृतीयांशच हातात आहेत असे धरा. शून्य अंशाखाली बॅटरी चार्जही करू नका. घरात आणून ती खोलीच्या तापमानाला आल्यावर लावा.

## टप्पा ३: सायकल

टायर. सर्वांत आधी टायर, कारण रस्त्याला टेकलेले तेवढेच असते. थोडी हवा सोडा आणि टायर हळूहळू फिरवत रबरातली प्रत्येक चीर नखाने उघडून बघा. काचेचा कण, काटा, बारीक खडी जे अडकले असेल ते टोकदार वस्तूने काढून टाका. ओले रबर सहज कापले जाते आणि ओल्या टायरला खडी चिकटून राहते, म्हणूनच या दिवसांत पंक्चर वाढतात. मधला भाग सपाट झाला असेल किंवा आतले धागे दिसत असतील तर टायर बदला. सायकलच्या चौकटीत बसत असेल तर एक माप रुंद घ्या.

हवेच्या दाबाचे गणितही बदलते. घरात २२ अंशांत ८० पीएसआय (पंपावर दिसणारे हवेच्या दाबाचे एकक) भरलेली हवा बाहेर ७ अंशांत ७५ च्या आसपास येते. ही गळती नव्हे. गार हवेचा दाब कमीच असतो. म्हणून सायकल अर्धा तास बाहेर ठेवून मगच दाब मोजा. ओल्या रस्त्यासाठी उन्हाळ्यातल्या दाबापेक्षा पाच-एक टक्के कमी ठेवला तर पकड सुधारते. त्याहून फार खाली जाऊ नका, खड्ड्यात ट्यूब चिमटून फुटते.

ब्रेक. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कड्यावर, म्हणजे रिमवर, रबर दाबणारा) असेल तर रबरावरच्या खाचा शिल्लक आहेत का बघा, रबरात रुतलेले धातूचे चकाकणारे कण काढा आणि रिम स्वच्छ फडक्याने पुसा. डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याजवळच्या चकतीवर पॅड दाबणारा) असेल तर पॅडची जाडी बघा. दोन्ही प्रकारांत लिव्हर पूर्ण दाबला तरी हँडलपर्यंत टेकता कामा नये.

चेन. उन्हाळ्यातले कोरडे तेल पहिल्याच ओल्या फेरीत धुऊन जाते. चेन पुसून घ्या, ओल्या हवेसाठीचे दाट तेल प्रत्येक कडीवर एकेक थेंब सोडा, दहा मिनिटांनी बाहेरचे तेल पुसून टाका. तेल कड्यांच्या आत लागते. बाहेर राहिले तर फक्त माती गोळा करते.

सावधान: डिस्क ब्रेकजवळ फवाऱ्याचे तेल कधीही वापरू नका. डिस्कवर उडालेला थेंब पॅडमध्ये मुरतो आणि ब्रेक किंचाळतो, लागत नाही.

मडगार्ड. दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे लावा. पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास रस्ता ओला असतो, आणि चाकाने उडवलेले गार पाणी पाठीवर आणि पायांवर बसत राहिले तर कोणताही कपडा ऊब देऊ शकत नाही. मडगार्ड आणि टायर यांमध्ये बोट जाईल एवढी फट ठेवा. ओली पाने तिथेच तुंबतात.

आणखी एक छोटे काम: दिवे घालवून, फक्त कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात, पातळ हातमोजे घालून एकदा ट्यूब बदलून बघा. गारठलेल्या बोटांनी टायर रिमवरून उतरवणे किती अवघड असते ते घरी कळलेले बरे. कपाळावरची छोटी बॅटरी मग आपोआप पिशवीत जाते.

## टप्पा ४: कपडे

आता जॅकेटकडे वळा. नियम एकच आहे: पहिली दहा मिनिटे थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातून निघताना उबदार वाटत असेल तर पंधराव्या मिनिटाला घाम फुटेल, आणि तोच घाम उतारावर वारा लागला की अंग गोठवेल. थंडीने हाल झालेले बहुतेक जण कमी कपड्यांनी नव्हे, जास्त कपड्यांनी आणि घामाने हैराण झालेले असतात.

सायकलचा स्वतःचा वारा हिशेबात धरा. १० अंश तापमानात ताशी २५ किमी वारा लागला तर उघड्या कातडीला ७ अंश असल्यासारखे जाणवते. ५ अंशांत ५० किमी वेगाने उतार उतरलात तर ते शून्याच्याही खाली जाते. चढावर मात्र वारा जवळपास नसतो आणि अंग तापते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे.

माझा हिशेब असा आहे. थंडी कमी-जास्त सोसत असेल तर दोन-तीन अंश इकडेतिकडे करा:

- १५ ते १८ अंश: उन्हाळ्याचेच कपडे, वर आर्म वॉर्मर (हातांवर चढवायच्या सुट्या बाह्या). बिनबाह्यांचे पातळ विंडचीटर घडी करून खिशात.
- १० ते १५ अंश: आतून घाम शोषणारा थर, पूर्ण बाह्या, गुडघे झाकलेले, पातळ हातमोजे.
- ५ ते १० अंश: वारा अडवणारे जॅकेट, पूर्ण लांबीची पँट, बोटे झाकणारे उबदार हातमोजे, बुटांच्या टोकांवर कव्हर, हेल्मेटखाली पातळ टोपी.

अंगालगतचा थर सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवते आणि गार होऊन अंगाला चिकटते. मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर घ्या. गुडघे झाकण्यात कंटाळा करू नका. तिथे मांस कमी असते आणि वारा थेट सांध्यावर बसतो.

पायांच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. बोटे गार पडतात म्हणून लोक त्याच बुटांत दोन मोजे कोंबतात. बूट आवळतो, रक्त पुरेसे पोहोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात. पायाची बोटे बुटात हलली पाहिजेत. हलत नसतील तर मोजा एकच ठेवा आणि बुटावर कव्हर चढवा.

हेल्मेटखाली टोपी घातली की पट्टा आणि मागची चकती पुन्हा जुळवा. टोपी जाड असेल तर हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, आणि पडल्यावर त्याचा उपयोग होत नाही. काळ्या चष्म्याच्या जागी पारदर्शक काच आणा.

उतार लांब असेल तर माथ्यावर थांबून जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवा. डोंगराळ शर्यतींत सायकलपटू पूर्वीपासून हे करत आले आहेत आणि आजही याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

## टप्पा ५: रस्त्यावर

पहिली पंधरा मिनिटे हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवत जा. गार स्नायूंनी जड गिअर रेटला की गुडघा कुरकुरतो.

पाने. ओला पालापाचोळा बर्फासारखा निसरडा असतो, आणि खड्डा, गटाराची जाळी, रस्त्याची तुटलेली कड हे सगळे तो झाकून टाकतो. टाळता आला तर टाळा, पण ऐनवेळी रहदारीत वळू नका. त्यावरून जावेच लागले तर क्रम असा: पानांच्या आधी, कोरड्या रस्त्यावर वेग कमी करा, पानांवर हँडल सरळ, ब्रेक मोकळे, पेडल हलके, ब्रेक आणि वळण पाने संपल्यावरच. ओल्या लोखंडी झाकणांना आणि रस्त्यावरच्या रंगाच्या पट्ट्यांना हाच नियम लागू आहे. ओला रिम ब्रेक चाकाच्या पहिल्या फेऱ्यात फक्त पाणी पुसतो, म्हणून वळणाच्या आधीच तो हलका टेकवून घ्या.

कलते ऊन. अंधाराइतकाच हा धोका मोठा आहे, आणि याकडे फार कमी जणांचे लक्ष जाते. आपली सावली ज्या दिशेला लांब पडली आहे, त्या दिशेच्या चालकाच्या डोळ्यांवर ऊन आहे. सावली पुढे पडली असेल तर समोरून येणारा आणि आपल्यासमोर वळू पाहणारा गाडीवाला आंधळा झालेला असतो. सावली मागे असेल तर मागून येणारा. अशा वेळी भर उजेडातही दोन्हीकडचे दिवे लावा, चौकात तो आपल्याला बघतो आहे असे गृहीत धरू नका, आणि जमले तर वीसेक मिनिटे कडेला थांबून पाणी प्या.

पाण्याचे आठवले म्हणून: गारव्यात तहान लागत नाही, पण घाम आणि श्वासावाटे पाणी जातच असते. दर १५-२० मिनिटांनी एक-दोन घोट घ्या.

अंधार. डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि समोरच्या गाडीचा एक झोत ते सारे पुसून टाकतो. झोत आला की त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या आपल्या बाजूच्या कडेवर नजर ठेवा आणि वेग उतरवा. गाडी चुकवायला कडेला चिकटून जाऊ नका. थोडे आत, सरळ रेषेत चालवा. रात्रीसाठी दिवसा पाहिलेलाच रस्ता निवडा.

## टप्पा ६: परतल्यावर

ओले कपडे लगेच बदला, बाकीचे नंतर. मग सायकलकडे पाच मिनिटे द्या: चेन आणि रिम पुसा, मडगार्डमधली पाने काढा, टायरवरून हात फिरवून रुतलेले काही लागते का बघा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. शेगडीजवळ बूट ठेवले तर तळव्याचा गोंद सुटतो. दिवे त्याच वेळी चार्जिंगला लावा. सकाळी लावीन म्हटलेला दिवाच संध्याकाळी बंद पडतो.

न जाण्याचा आकडाही आधीच ठरवा. रात्री तापमान ३ अंशांच्या खाली गेले असेल तर सकाळी सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर बर्फाचा पातळ थर असू शकतो. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही गार हवा लागते. हा थर काळ्या डांबरावर दिसत नाही. दोन चाकांवर त्यावर काही उपाय नाही, म्हणून ऊन वर येईपर्यंत थांबा. दाट धुक्यात शंभर मीटरवरचे झाड दिसत नसेल तरीही निघू नका. त्या दिवशी घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) पाऊण तास घाम गाळा, किंवा टप्पा ३ मधले राहून गेलेले काम उरका.